खालच्या वावरातली भरती

१

बेल्ह्यात, बाजारतळाच्या अलीकडे सुभाषचंद शेठ यांचं खतांचं दुकान आहे. त्याच्या माळ्यावर मी माती तपासते. काम सोपं आहे. लोक पिशवीतून माती आणतात. मी ती सावलीत वाळवते, लाकडी मोगरीनं फोडते, चाळते, पाण्यात ढवळून ठेवते आणि मीटरची काडी त्यात बुडवते. क्षार किती, सामू म्हणजे पीएच किती, ते कागदावर लिहून देते. निम्मे लोक तो कागद दुमडून खिशात घालतात आणि खाली काउंटरवर जाऊन गेल्या वर्षीचंच खत मागतात. त्यांच्या वडिलांनीही तेच टाकलेलं असतं.

त्या मंगळवारी मी आमच्या घरची माती लावली होती. राजुरीच्या शिवारातलं आमचं खालचं वावर. ते नापीक आहे हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे, पण मला ते कागदावर हवं होतं. पाच म्हाताऱ्यांच्या तोंडावर फेकता येईल असा कागद.

मीटरवर एकच्या आत आकडा आला तर जमीन चांगली. चारच्या पुढं गेला तर कांदा करपायला लागतो. आमच्या मातीचा आकडा सव्वीस आला. काडी धुतली, पुसली, पुन्हा बुडवली. सव्वीस.

शेठ जिन्यावरून डोकावले. "समृद्धीबाई, माती तपासताय का मिठाचं पोतं?"

"आमचं वावर आहे, शेठ."

ते हसायचे थांबले आणि खाली गेले.

वरच्या थरापर्यंत ठीक होतं. कालव्याच्या पट्ट्यात काळ्या जमिनी अशा बिघडतात, आम्ही त्यांना चिबड म्हणतो. मला अडकवलं ते दीड फुटाखालच्या नमुन्यानं. आमची काळी माती वाळली की भेगाळते, ढेकूळ होते. ही तीन दिवसांत वाळलीच नव्हती. निळसर राखाडी, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. आणि तिला वास होता.

मी शेतीची पदवी कोकणात घेतली. शेवटच्या वर्षी आम्हाला खाजणात उतरवायचे. खाजण म्हणजे खाडीकाठची सखल जमीन, भरतीचं पाणी आत येतं आणि निघायला वाट नसते म्हणून साचून राहतं. वर्षानुवर्षं मीठ पिऊन चिकणमाती अशीच निळी पडते. तो वास कपड्यांतून आठ दिवस जात नाही. ओळखायला मला पुस्तक उघडावं लागत नाही.

नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, असं मी ठरवलं. मग आठवलं की आमच्याकडे कोकणातून कुणी माती पाठवत नाही. समुद्र घाटाच्या पलीकडे, पाच तासांच्या रस्त्यावर.

चाळणीवर उरलेल्या खड्यांत एक शिंपला होता. करंगळीच्या नखाएवढा, दोन्ही झापा घट्ट मिटलेला. मी तो नखानं उघडला. आत ओलं होतं, आणि ते ओलं आक्रसलं.

२

हे वावर आमच्या वाट्याला कसं आलं ते सांगते, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल.

माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा होळीनंतर थोरल्या चुलत्यांनी वाटणी काढली. त्यांचं नाव बाळासाहेब, आम्ही नाना म्हणतो. आमच्याकडे रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करणार नाही. ज्या शहाण्यानं ही रीत काढली, त्यानं विधवा भावजय गृहीत धरलेली नव्हती. नानांनी एका वाट्यात वरचं वावर, विहीर, घर आणि गोठा घातला. दुसऱ्यात खालचं वावर आणि त्यातली पत्र्याची खोली. पाच जाणती माणसं बाजांवर बसली होती. नाना म्हणाले, "उचल साधना. आधी तुजा मान."

माझ्या आईनं पदर सावरला आणि खालचं वावर उचललं.

पाच पुरुषांसमोर चांगला वाटा उचलणारी बाई हावरट ठरते. हे नानांना माहीत होतं, त्या पाचांना माहीत होतं, आईलाही माहीत होतं. सगळं रीतीप्रमाणे झालं. त्यानंतर ते चहा प्यायले.

मी कामावर होते. मला संध्याकाळी फोनवर कळलं.

"का उचललंस ते?" मी विचारलं.

"आगं, मानसं बसली व्हती."

एवढंच कारण. आठ दिवसांत तिनं आपलं सामान त्या खोलीत नेलं. मी म्हटलं, बेल्ह्यात माझ्या खोलीवर ये. ती म्हणाली, "वाट्यावरनं पाय निगाला की नाना म्हनत्याल, सोडला. मग तुला काय राहील?"

आणि ते वावर बिघडलं कशानं? त्याच्या कडेनं एक ओढा वाहायचा. चाळीस वर्षांपूर्वी कालवा आला, जमिनीला भाव आला, तेव्हा नानांनी आणि शेजारच्या गेणू आबांनी बुलडोझर लावून तो दीडशे-दोनशे फूट बुजवला. वर सपाट रान झालं. आज तिथं नानांची कांदा साठवायची चाळ आहे. बुजवलेल्या भागाच्या खाली ओढा अजून आहे, कोरडा, बाभळींनी भरलेला. कालव्याचं झिरपलेलं पाणी खालच्या वावरात उतरतं आणि तिथंच बसतं. पाणी वाफ होऊन जातं, मीठ राहतं. यात गूढ काही नाही. निव्वळ हावरटपणा आहे, आणि तो करणाऱ्यांना गावात जाणते म्हणतात.

३

रविवारी मी गिरमिट घेऊन गेले. सहा फूट खोल भोक पाडलं आणि भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा पाइप त्यात उतरवला. पाणी किती खोल आहे ते एका काठीनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. जमिनीवर पांढरा थर होता, बुटाखाली चुरचुरायचा. लख्ख ऊन. कुठंही पाखराचा आवाज नाही. आई खोलीत भाकरी थापत होती, तेवढाच आवाज.

दहाला पाणी पाच फुटांवर होतं. बाराला साडेतीनवर. दोनला दीड फुटावर. मी काठी बदलून पाहिली. कालव्याला पाणी सुटलेलं नव्हतं. त्या आठवड्यात शेतीची लाइट फक्त रात्री होती, म्हणजे कुणाची मोटारही चालू नव्हती. भर उन्हात जमिनीतलं पाणी खाली जायला हवं.

साडेतीनला आई उठली. पिठाचा डबा तिनं बाजेवर ठेवला. चपला खिडकीत. चुलीतली लाकडं ओढून कोनाड्यात.

"काय करतेस?"

"यील आता."

"काय येईल?"

"पानी. यतं न् जातं. मला काय तरास न्हाई त्याचा."

मी बाहेर आले. पांढरा थर काळा पडत चालला होता, कोपऱ्यातून, कापडावर तेल पसरावं तसा. आणि आवाज येत होता. चिखलाला शेकडो बारीक भोकं होती, सकाळी मला दिसली नव्हती, आणि त्यातून हवा सुटत होती. टप. टप. टप. सगळं वावर ओठ उघडून मिटत होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी पाणी जमिनीच्या वर चार बोटं आलं. खोलीचा उंबरा ओला झाला. मग ते थांबलं. नुसतं साचलेलं पाणी थांबतं तसं नाही. काहीतरी करून दमलेलं माणूस थांबतं तसं. थोड्या वेळानं ते उतरायला लागलं.

"कधीपासून आहे हे?" मी आईला विचारलं.

ती पाय वर घेऊन बाजेवर बसली होती, लसूण सोलत. "आले तवापासून. पैल्यांदा त्या बांधाशी थांबायचं. आता वळख झाली."

४

मी वही घेऊन शहाण्यासारखी वागले. रोज दुपारी आईला फोन करायचा, आज किती वाजता आलं ते विचारायचं, लिहायचं. आईजवळ घड्याळ नव्हतं, पण फोनवर वेळ दिसते तेवढी तिला वाचता येते. पाणी दिवसातून दोनदा यायचं, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरानं. पुढच्या रविवारी मी स्वतः पाहिलं. सकाळी पावणेदहाला वावर भरलं. चार वाजता, म्हणजे मागच्या रविवारी ज्या वेळी ते काठोकाठ होतं त्या वेळी, पाणी पाच फुटांखाली होतं.

दिवसाला पन्नास मिनिटं. हे मला परीक्षेला होतं.

सोमवारी माळ्यावर बसून मी फोनवर कोकणातल्या एका बंदराच्या भरतीच्या वेळा काढल्या आणि वहीशेजारी ठेवल्या. जुळल्या नाहीत. एकही जुळली नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी खाली जाऊन शेठच्या बायकोनं, कस्तुरबाईंनी, पाठवलेल्या चहाला हो म्हटलं. मग कप हातात असतानाच वजाबाकी केली. दोन तास दहा मिनिटं. पुढची ओळ, दोन तास दहा. पुढची, दोन तास आठ, पण ती वेळ आईनं अंदाजानं सांगितली होती.

तिथं भरती आली की दोन तास दहा मिनिटांनी आमच्याकडे. घाट चढून यायला तेवढा वेळ लागत असावा, असा विचार माझ्या डोक्यात आला आणि मला स्वतःचाच संताप आला.

शेठनी वही मागितली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही रकाने वाचले. शेवटी म्हणाले, "कारण मला नका विचारू. आईला तिथून हलवा. आमच्या मागची खोली रिकामी आहे, कस्तुरबाईंना मी सांगतो."

"ती येत नाही, शेठ. वाटा जाईल म्हणते."

"मग वाटा राहण्याजोगा करा. नाहीतर उचलून आणा."

पहिलं मला पटलं. त्या वयाच्या माणसाचं मला काही पटलं असेल तर ते तेवढंच.

५

बुधवारी नाना आणि गेणू आबा कांद्याच्या चाळीच्या सावलीला बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. ओढा मोकळा करा. चाळीच्या कडेनं एक चर काढली तरी चालेल. कोकणात खाजणाच्या बांधाला दार ठेवतात, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडायची, आतलं पाणी निघून जातं. भरतीला मिटायची, बाहेरचं आत येत नाही. पाच पावसाळ्यांत जमीन धुऊन निघते, भात पिकतो.

"ऐकलं का गेणूभाऊ," नाना म्हणाले. "कोकनात जाऊन आली अन् आता आमाला शेती शिकवती. भरती म्हनं. उद्या जहाज आनंल."

"पाणी चढतं-उतरतं की नाही, सांगा."

"चिबड रान हाय. चिबडात पानी असतंय."

"तुम्ही कधी पाहिलंत? गेल्या किती वर्षांत त्या बांधाच्या आत पाय ठेवलात?"

नाना तंबाखू मळत राहिले. मी लहानपणापासूनचं आठवत होते. नाना बांधापर्यंत यायचे आणि तिथून हाका मारायचे. त्यांची गुरं तिकडं चरत नाहीत. त्यांची नातवंडं तिकडं खेळत नाहीत. आम्हाला मात्र कुणी कधी अडवलं नाही.

"त्या पत्र्याच्या खोलीत तुमचा सालगडी राहायचा," लहानपणी कानावर आलेलं मी बाहेर काढलं. "हौशीराम. त्याची बायको कोंडाबाई. ती कुठं गेली?"

"माहेरी गेली," नाना लगेच म्हणाले.

गेणू आबा जमिनीकडं बघत होते. "हौशीराम एकलाच गेला ना रं गाडीत बसून," ते हळू म्हणाले. "तिचं लुगडं वाळत व्हतं तारंवर. आठ दिस तसंच व्हतं."

"गेणू, तू गप."

"गप हायेच की. चाळीस वरसं गपच हाये." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आमी ओढा बुजवला तवा पानी त्यातनं खाली जात व्हतं, पोरी. त्यानंतर ते वर यायला लागलं. एवढंच ठावं हाये. जास्तीचं इचारू नगं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आणि तो वाटा तुम्ही आईपुढं ठेवलात."

"तिनंच उचलला," नाना म्हणाले. "पाच मानसांच्या म्होरं."

त्यांच्या पायाशी कांद्याचा ढीग होता. मी त्याला लाथ घातली नाही. घालायला हवी होती, तेवढ्यानं कदाचित माझा राग निवला असता.

६

चैत्र पौर्णिमेला गावची यात्रा असते. शनिवार होता. सकाळपासून भोंगे, दुपारी कुस्त्या, सगळे पुरुष आखाड्याला. त्या दिवशी मी बेल्ह्याहून जेसीबी आणला. पौर्णिमेला भरती सगळ्यांत मोठी असते. वहीप्रमाणे वावर दोन वाजून पंचवीस मिनिटांनी भरणार होतं. बेत असा होता की सकाळी पाणी तळाला असताना चर खणायची, चाळीच्या कडेनं थेट खालच्या ओढ्यापर्यंत, शेवटी पाच फुटांचा मातीचा आड, म्हणजे न खणलेली भिंत, ठेवायचा, आणि अडीचनंतर, पाणी फिरलं की, तो आड तोडायचा. सगळं वाहून जाऊ दे. मग दार बसवू. उघाडी बनवायला लोहार सांगून ठेवला होता.

जेसीबीवाला ज्ञानेश्वर माझ्याच वयाचा. "नानांना इचारलंय ना, ताई?"

"माझ्या आईच्या जमिनीतलं पाणी काढतेय."

"तसं न्हाई. यात्रेच्या दिवशी जमीन उकरत न्हाईत आमच्याकडं."

"आमच्याकडं उकरतात."

त्यानं खांदे उडवले आणि मशीन लावलं. ओढा जिथं होता तिथंच चर धरली, खोलीच्या आणि बांधाच्या मधून. आठ फूट रुंद, पुरुषभर खोल. निळा चिखल निघत होता. त्यात खाडीतल्या कालवांचे शिंपले, फांद्यांसारखी काळी मुळं. ज्ञानेश्वरनं एकदा मशीन थांबवून ते पाहिलं आणि मग मुद्दाम पाहायचं टाळलं.

मी आईला म्हटलं, आजचा दिवस शेठकडं जाऊन बस. ती चुलीशी होती. "यात्रंचं पुरन घातलंय. सोडून कुटं जाऊ? तू खाऊन जा दोन."

"नंतर खाते. अडीचपर्यंत बाजेवरून उतरू नकोस."

"बरं." मग तिनं माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडं पाहिलं. "लई राग राग करती, समे. तुज्या बापासारखी. कुनासाठी करती एवढा?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं आणि बाहेर पडले. चर ओलांडायला एक फळी टाकली होती, तिच्यावरून बांधाच्या बाजूला आले.

दोनला वावर काळं पडायला लागलं. टप टप सुरू झालं. पाणी चरीतही चढू लागलं, फळी तरंगून बाजूला सरकली. सव्वादोनला नाना आले. गुलालानं माखलेली टोपी, धावत आल्यामुळं धाप. चाळीच्या भिंतीजवळून चर गेलेली पाहून ते थेट माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"कुनाला इचारून?" मग ज्ञानेश्वरकडं वळून, "बुजव. आत्ताच्या आत्ता बुजव समदं."

"कुणी काही बुजवणार नाही," मी म्हटलं.

"तुजा बाप असता तर मुस्काट फोडलं असतं तुजं."

"माझा बाप असता तर तुम्ही हा वाटा पाडलाच नसता. तुम्हाला बाई सापडली म्हणून पाडलात. एक गेली, तिचं लुगडं तारेवर राहिलं, कुणी विचारलं नाही, म्हणून दुसरी ठेवलीत."

नाना ज्ञानेश्वरच्या अंगावर गेले. "बुजव म्हंतो ना. मशीन कुनाच्या बापाच्या रानात हाय?"

ज्ञानेश्वरनं बकेट उचलली आणि मातीच्या ढिगाकडं फिरवली. तो बुजवणार होता. सगळी सकाळ, सगळा बेत, नानांच्या एका हाकेनं मातीत जाणार होता, आणि माझी आई आणखी चाळीस वर्षं पाय वर घेऊन बाजेवर बसणार होती.

"आड तोड," मी ओरडले.

"ताई, तुमी अडीचनंतर म्हनला व्हता."

"तोड म्हणते ना."

का कोण जाणे, त्यानं माझं ऐकलं. पहिल्यांदाच एखाद्या पुरुषानं नानांपेक्षा माझं ऐकलं. बकेट एकदा खाली गेली, एकदा वर आली. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मला वाटलं होतं वावरातलं पाणी खाली ओढ्यात कोसळेल. तसं झालं नाही. खाली, बाभळींच्या बुंध्यांतून, चाळीस वर्षं कोरड्या पडलेल्या दगडांवरून पाणी वर येत होतं. चढावर. त्याला घाई नव्हती, आवाजही नव्हता, पुढच्या कडेला नुसता पिवळट फेस. ते चरीत शिरलं आणि क्षणात चर काठोकाठ भरली. ज्ञानेश्वर मशीन चालू ठेवून उडी मारून पळाला. नाना मागं सरकले. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यावर भीती होती, पण आश्चर्य नव्हतं.

माझ्या आणि आईच्या मध्ये आठ फूट पाणी होतं. ते मी खणलं होतं.

"आई, बाजेवरून उतरू नकोस."

ती दारात आली होती. लुगडं घोट्याच्या वर धरलेलं, हाताला पुरणपोळीचं पीठ. ती माझ्याकडं बघत नव्हती. खोलीच्या पलीकडं, जिथं आमचं वावर संपतं आणि वरचं वावर आणि त्यामागं डोंगर असायला हवेत, तिकडं बघत होती. मीही पाहिलं.

डोंगर नव्हते. सपाट होतं. लांबपर्यंत राखाडी, चमकणारं, आणि फार लांब एक सरळ रेघ. कमरेएवढ्या पाण्यात कुणीतरी उभं होतं, अंगावर नेसूचं काही नव्हतं, आणि एक हात पुढं केलेला होता. बाजारात गर्दीत एखादी बाई दुसरीला ये म्हणून हात करते, तसा.

"आले गं," माझी आई म्हणाली. शेजारणीनं दारात हाक मारल्यावर म्हणते, अगदी तशी.

मी चरीत उडी मारली. पाणी खारट होतं आणि कोमट होतं, आणि चिखलानं माझे पाय मांड्यांपर्यंत धरून ठेवले. मी ते उपसत होते तेवढ्यात पाणी फिरलं. ते इतक्या जोरानं निघालं की मी बांधातल्या मुळ्या धरून राहिले म्हणून राहिले. भोंग्यावर कुणीतरी विजयी पैलवानाचं नाव पुकारत होतं. डोळ्यांतलं मीठ पुसून पाहिलं तेव्हा डोंगर जागेवर होते, खोलीचं दार उघडं होतं आणि वावरात पाणी नव्हतं. ओल्या निळ्या चिखलात आईची पावलं होती. दारापासून निघालेली, वीस. एकविसावं नव्हतं.

७

पोलिसांनी ओढा नदीपर्यंत चालून पाहिला. घोटाभर पाणीसुद्धा कुठं मिळालं नाही. ज्ञानेश्वरनं जबाबात सांगितलं की पाइपलाइन फुटली असावी. नाना गावात सांगतात, माहेरी गेली असंल. आईचं माहेर म्हणजे मामा एकटा, तो इथं येऊन माझ्याशेजारी बसून रडून गेला, तरी नाना तेच सांगतात.

अडीचनंतर म्हणजे अडीचनंतर. ते मीच ठरवलं होतं. भरतीला दार मिटायचं असतं हे त्या साऱ्या वस्तीत फक्त मला माहीत होतं, आणि दार बसवायच्या आधी मी वाट उघडली. माझी चूक मी कुणावर ढकलत नाही. पण ज्यांनी तिला त्या खोलीत नेऊन बसवलं, ते आज चावडीवर बसून पोरीचं शिक्षण जास्त झालं म्हणतात, ते ऐकून घेण्याइतकी मी अजून थकलेली नाही.

मी आता खोलीत राहते. शेठ दोनदा येऊन गेले, दुसऱ्या वेळी कस्तुरबाईंना घेऊन. मी गेले नाही. परवा नाना माणसं आणि ट्रॅक्टर घेऊन आले. पाणी आता चाळीत शिरतं, त्यांचा कांदा सडला, वरच्या वावरातही पांढरं फुटायला लागलं आहे. चर बुजवायची, असं भावकीनं ठरवलं आहे. मी कडेला पाय सोडून बसले आणि म्हटलं, माझ्यावरून ट्रॅक्टर घाला. गेणू आबा खाली बसले, डोक्याला हात लावून म्हणाले, "पोरी, वाट उगडी ठिवली की कोन बी यतंय. फकस्त आपलंच मानूस यतंय असं नसतं."

लोहारानं दार करून आणलं आहे. खोलीला टेकवून ठेवलंय. मी ते बसवलेलं नाही, कारण ते मिटल्यावर ती आत कशी येईल?

आज ओहोटीनंतर चिखलात पावलं होती. ओढ्याकडून चरीत, चरीतून वावरात, दाराच्या दिशेनं येणारी. कालच्यापेक्षा सहा जास्त. आईच्या पायाची मापं मला पाठ आहेत, ही तिची नाहीत, आणि एकाच माणसाची तर मुळीच नाहीत.

तरी मी बुजवू देणार नाही.